आधी आजोबांना दाखव

श्यामसुंदर वर्तकांच्या लेखी जगात वस्तूंचे दोनच प्रकार होते: तपासलेल्या आणि न तपासलेल्या. माणसांचेही तेच दोन, पण हे ते मोठ्याने बोलत नसत. बोलायची गरजच नव्हती, चेहऱ्यावर स्वच्छ दिसायचं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी उभी नोकरी तपासणी विभागात काढली. समोर आलेली वस्तू खोटी आहे असं धरून चालायचं आणि आपला खरेपणा त्या वस्तूने सिद्ध करायचा, असा तिथला रिवाज. कारखान्यात तो योग्यच होता, तिथे भाबडेपणाने छप्पर उडतं. पंचाईत एवढीच झाली, की निवृत्तीच्या दिवशी वर्तकांनी ओळखपत्र फाटकावर जमा केलं आणि रिवाज तेवढा घरी घेऊन आले.

कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत मग दुधाच्या पिशव्या उजेडात धरल्या जाऊ लागल्या, लिफ्ट दुरुस्त करून गेलेल्या माणसाच्या मागोमाग लिफ्टमध्ये उड्या मारून बघण्यात आल्या आणि कोपऱ्यावरच्या फळवाल्याने वर्तक दिसले की फोनवर बोलण्याचं सोंग सुरू केलं. मंदाकिनीबाईंना यातलं काहीच नवं नव्हतं. "आमच्या लग्नात यांनी हातातल्या अक्षता निवडून घेतल्या होत्या," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ऐकणारे हसत. मंदाकिनीबाई हसत नसत.

मग नात जन्मली, शेफाली, आणि वर्तकांच्या संशयाला पुन्हा पूर्णवेळ नोकरी लागली.

मुलगा आमोद आणि सून वैष्णवी दोघंही कंपनीच्या बसने हिंजवडीला जात. वैष्णवी मूळची तिथलीच. तिच्या आजीने, सोजरबाईने, ज्या खाचरात भात लावला त्याच जागी आता काचेची इमारत उभी होती आणि तिच्या सहाव्या मजल्यावर नात बसत होती. शेफाली दिवसभर आजी-आजोबांकडे. त्यात मंदाकिनीबाईंचे गुडघे रुसलेले, त्यामुळे पोरीमागे धावायचं काम आजोबांचं. ते काम वर्तक कोणाला वाटूनही देत नसत. नातीने डोळे उघडले की आधी त्यांना हाक मारायची आणि त्या हाकेसाठी वर्तक अंघोळ उरकून, भांग पाडून दाराशी उभे असायचे. हे मात्र त्यांनी कधी कोणाला कळू दिलं नाही.

घरात खेळणं आलं, की ते थेट शेफालीच्या हातात जात नसे. आधी आजोबांच्या टेबलावर. वर्तक नखाने रंग खरवडून बघत. अस्वलाचे डोळे चिमटीत धरून पिळत. जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची एक काळी डबी त्यांनी जपून ठेवली होती. त्या डबीत जे जे मावेल ते ते पोराच्या घशात अडकू शकतं, म्हणून बाद. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आलं तर त्याचे कोपरे गालावर घासायचे, वास घ्यायचा आणि शेवटी पान चाटायचं. "ती चाटणारच आहे. मग आधी मी चाटतो," हे त्यांचं म्हणणं, आणि त्यावर कोणी काय बोलणार? एका पुस्तकात पक्ष्यांच्या पानावर वटवाघूळ निघालं. वैष्णवीने ते पुस्तक वाढदिवसाला येणाऱ्या मुलांना परत भेट म्हणून द्यायला गठ्ठ्याने आणलं होतं. वर्तकांनी प्रत्येक प्रतीत चिठ्ठी चिकटवली: 'वटवाघूळ पक्षी नव्हे.' खाली सही. दीड-दोन वर्षांच्या मुलांना हे कळवणं त्यांना तातडीचं वाटलं.

तपासणी झाली की निकाल. चांगलं असेल तर वर्तक मूठ टेबलावर आपटून म्हणत, "पास!" वाईट असेल तर मान हलवून म्हणत, "नापास," आणि खेळणं माळ्यावरच्या ट्रंकेत जाई. शेफालीला हा प्रकार भलताच आवडायचा. ती समोरच्या खुर्चीवर चढून बसे, आजोबांसारखी भुवई उचले आणि त्यांच्याबरोबर मूठ आपटे. खरं सांगायचं तर बऱ्याच खेळण्यांशी तिचा खेळ तेवढाच होई.

आता माणूस निव्वळ वेडा असता तर घरच्यांनी केव्हाच कोपऱ्यात बसवला असता. पण वर्तक एकदा खरे ठरले होते. दिवे लागणाऱ्या एका बदकाच्या पोटाखालचं झाकण स्क्रूशिवाय निघालं आणि आतला बटणाएवढा सेल त्यांच्या तळहातावर पडला. असला सेल पोटात गेला तर काय होतं, हे डॉक्टरांनी आमोदला समजावून सांगितलं तेव्हा तो पांढराफटक पडला. त्या एका बदकाच्या जोरावर वर्तकांनी पुढे किती बाहुल्या, गाड्या आणि माकडं फाडली याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

दिवाळीत मात्र त्यांनी कळस केला. वैष्णवीचे दशरथकाका नातीसाठी बोलका पोपट घेऊन आले. काकांच्या हातातला चहा अर्धा व्हायच्या आत वर्तकांनी पोपटाचे चार तुकडे केले. पोपट पुन्हा बोलला नाही. दशरथकाकाही नाहीत.

त्याच्याही आधी, बारशाच्या दिवशी, सोजरबाईने घरी पाडलेलं काजळ बोटावर घेऊन पोरीच्या गालाला तीट लावली होती. वर्तकांनी खिशातून रुमाल काढला आणि म्हातारीच्या देखत ती पुसली. "काजळात काय काय असतं, तुम्हाला कल्पना नाही," म्हणाले. तेव्हापासून सोजरबाईचं कोथरूडला येणं कमी झालं. विचारलं तर म्हणे, "डोळ्याला दिसत न्हाई पोरी आता." वैष्णवीची आई दिवसभर रानात असायची, वैष्णवी या आजीच्या मांडीवर वाढलेली. आणि तिची स्वतःची लेक त्या मांडीवर अजून एकदाही बसली नव्हती.

म्हणून तिसऱ्या वाढदिवसाच्या आधी वैष्णवी सासऱ्यांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, हॉलवर माझ्या घरचे सगळे येणार आहेत. आजीपण येतेय. त्या दिवशी एकही खेळणं तुम्ही उघडायचं नाही. खोलायचं नाही, उसवायचं नाही, चाटायचं नाही."

"आणि त्यात काही सदोष निघालं तर?"

"तर मी बघेन. मी तिची आई आहे. तुम्ही कुणाच्याही भेटवस्तूला हात लावलात, तर सोमवारपासून शेफाली पाळणाघरात जाईल. माझं बोलून झालंय त्यांच्याशी."

हे ती जराही आवाज न चढवता म्हणाली, म्हणून वर्तक घाबरले. पाळणाघर! कोणी पुसलेल्या त्या फरशा, कोणी धुतलेली ती खेळणी, कोणाची ती शेंबडी पोरं! आणि सकाळची ती हाक? ती कोणाला मारणार मग? त्यांनी मान डोलावली. आत मंदाकिनीबाई कणीक मळत होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, शपथ घेताय की तीही आधी तपासून घेणार?"

वाढदिवसाला सोसायटीच्या हॉलचं जंगल झालं होतं. कागदाची झाडं, भिंतीवर वाघ, दारात पुठ्ठ्याचा जिराफ. वर्तक दाराजवळच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसले, म्हणजे हात बांधूनच घेतले म्हणा ना. पण डोळ्यांना कोणी शपथ घातली नव्हती. फुगे बघून त्यांच्या मनात पाल चुकचुकली: फुटलेल्या फुग्याचा तुकडा गिळला म्हणजे? साबणाचे बुडबुडे उडवणारा पोरगा कोणत्या पाण्याचे बुडबुडे उडवत होता? मुलांच्या हातावर वाघाचे पंजे रंगवणाऱ्या बाईच्या रंगाच्या बाटलीवर नाव का नव्हतं? जिराफाची मान भिंतीला कशाने चिकटवली होती? आणि तो टोपीवाला जादूगार जरा जास्तच हसत नव्हता का? जो माणूस फसवायचेच पैसे घेतो त्याला लोक घरच्या कार्याला बोलावतात, याचं वर्तकांना मनापासून आश्चर्य वाटलं.

औक्षण झालं, केक कापून झाला. कोपऱ्यातल्या सतरंजीवर भेटवस्तूंचा ढीग चढत गेला. प्रत्येक खोक्याबरोबर वर्तकांच्या मांडीवरची बोटं वळवळत होती. पण त्यांनी हात लावला नाही. आमोदने लांबून अंगठा वर करून दाखवला. वैष्णवीसुद्धा एकदा त्यांच्याकडे बघून हसली, आणि आपण ही परीक्षा पार पाडतोय असं वर्तकांना वाटायला लागलं.

तेवढ्यात सोजरबाई आली. नऊवारी नेसलेली, एका हाताने भिंत चाचपत, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. वैष्णवीने धावत जाऊन तिला धरलं आणि खुर्चीवर बसवलं. म्हातारीने पिशवीतून एक बाहुली काढली. जुन्या लुगड्याची, हातभर लांब, डोळे-नाक दोऱ्याने भरलेले.

डोळे दोऱ्याचे, बटणांचे नाहीत. वर्तकांनी मनात एक खूण केली. रंग धुऊन धुऊन गेलेला, म्हणजे आता उतरायला काही उरलेलं नाही. दुसरी खूण. आणि मग सोजरबाईने बाहुली मांडीवर उभी केली आणि तिच्या पोटातून आवाज आला. अगदी बारीक. खुळखुळ.

वर्तक ताठ झाले.

आत काय होतं? मणी? खडे? की गुंजा? लाल, काळ्या ठिपक्याच्या, पोरांना बघताक्षणी तोंडात घालाव्याशा वाटणाऱ्या गुंजा! खेड्यातल्या खुळखुळ्यांत पूर्वी गुंजा भरत हे त्यांनी ऐकलं होतं, आणि चावलेली गुंज विषारी असते हे वाचलं होतं. शिवण म्हातारीने घातलेली, तीही न दिसणाऱ्या डोळ्यांनी. एक टाका सुटला की संपलं. उठावं तर पाळणाघर, न उठावं तर गुंजा. उठून सरळ विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. विचारलं तर माणूस खोटं सांगतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

"ये गं माझे माय," सोजरबाई म्हणाली. "ही बघ कोण आलीय तुझ्यासंगं खेळाया." तिने दोन्ही हातांनी बाहुली पुढे केली.

शेफाली पुढे आली आणि मध्येच थांबली. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आजोबांना दाखवली?"

हॉलमध्ये हशा पिकला. वर्तकही हसले, अभिमानाने हसले. शेफालीने मग एक हात पुढे करून बाहुली घेतली. भुवई वर गेली. चिमटीत धरून तिने बाहुलीचे डोळे पिळले. कान ओढला. वास घेतला. मग बाहुली कानाशी नेऊन हलवली, ऐकलं, आणि म्हातारीकडे न बघताच ती परत तिच्या मांडीवर टाकली.

"नापास," ती म्हणाली.

लोक पुन्हा हसले, या वेळी जरा कमी. वैष्णवी हसली नाही. आणि वर्तकांना ओळख पटली. तो आवाज त्यांचाच होता. ती मान, ती भुवई, समोरच्याच्या तोंडाकडे न बघता दिलेला तो निकाल. आपण असे दिसतो? दशरथच्या पोपटाच्या वेळी आपण असेच दिसलो होतो?

"काय खोट हाय गं तिच्यात?" सोजरबाईने विचारलं.

"आत काहीतरी आहे."

"हाय की." म्हातारी हसली. "तुझ्या आईच्या वाळ्याचं घुंगरू हाय. बारशाला घातलेलं. आमच्यात आई रानात जायची. दिवसभर पोर रडू न्हाई म्हणून आईच्या घुंगराची बाहुली करून द्यायची. वाजली की पोराला वाटावं, आई आली. तुझी आई बी जाती न्हवं का बसनं? म्हणून केली."

वैष्णवीने तोंडावर हात ठेवला. वर्तकांचा मात्र, खोटं कशाला सांगा, अजून निम्माच विश्वास बसला होता. उरलेला निम्मा ते जोर लावून बसवत होते. ते उठले, नातीजवळ गेले आणि म्हणाले, "शेफू, पास आहे ती. मी सांगतो ना. घे."

शेफालीने त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं.

"तुम्ही उघडली नाही," ती म्हणाली.

न उघडता दिलेला शब्द फुकट असतो, हे तिला शिकवलं कोणी? त्यांनीच की! खुर्चीवर बसवून, मुठी आपटून, हसत-खेळत शिकवलं. आता ते स्वतः तिच्यापुढे उभे होते आणि तिच्या नजरेत न तपासलेले होते.

"उसवा पाव्हणं," सोजरबाई शांतपणे म्हणाली. "लेकराच्या मनात किंतू नगं. माझ्याम्होरं उसवा."

वर्तकांनी सुनेकडे बघितलं. "उघडा, बाबा," वैष्णवी म्हणाली. त्यांनी खिशातून नेहमीची छोटी कात्री काढली आणि बाहुलीच्या पाठीची शिवण कापली. दुहेरी होती, इतकी पक्की की कात्री दोनदा अडकली. कापूस निघाला आणि त्यातून एक चांदीचं, काळवंडलेलं घुंगरू त्यांच्या तळहातावर आलं. हरभऱ्याएवढं. शिवणीच्या आत होतं तोवर त्याने कोणाचं काही बिघडवलं नसतं. आता ते मोकळं होतं, त्यांच्या हातात, तीन वर्षांच्या मुलीसमोर. वर्तकांनी मूठ घट्ट मिटली.

सोजरबाईने कमरेच्या बटव्यातून सुई काढली. मंदाकिनीबाईंनी दोरा ओवून दिला. म्हातारीने घुंगरू मागून घेतलं, कापसात दडपलं आणि बोटांनी चाचपत पाठ पुन्हा शिवली. शिवून झाल्यावर तिने बाहुली पुढे धरली. शेफालीने आधी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी होकाराची मान डोलावली. मग तिने बाहुली घेतली आणि मुलांमध्ये पळून गेली. सोजरबाईचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले.

पाहुणे निघायला लागले तेव्हा वैष्णवीने लेकीला आजीच्या पाया पडायला आणलं. सोजरबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. "खा गं बाय. माझ्या हातचा हाय."

शेफालीने मूठ मिटली आणि ती पळत सुटली. तिथे उभी असलेली आई ओलांडून, मंदाकिनीबाई ओलांडून, भेटवस्तूंचा ढीग ओलांडून ती सरळ दाराजवळच्या खुर्चीपाशी आली आणि तिने लाडवाचा हात वर्तकांच्या नाकासमोर उघडला. मागे म्हातारी मान वर करून बसली होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी पोर कुठल्या दिशेला गेली ते तिला पावलांवरून कळलं होतं. वर्तकांना तिच्याकडे बघवेना.

"खा," ते म्हणाले.

"आधी तुम्ही."

"नको. माझं काम नाही ते. जिने दिला तिच्याजवळ बसून खा. जा."

शेफाली वळली. चार पावलं गेली. थांबली. मागे वळून आजोबांकडे बघितलं, मग पणजीकडे, मग पुन्हा आजोबांकडे. खायचा की नाही हे तिला कोणीच सांगत नव्हतं. ती हॉलच्या मधोमध उभी राहिली, लाडू मुठीत चुरगळला आणि तिने भोकाड पसरलं.

वैष्णवी धावली. वर्तक आयुष्यात पहिल्यांदा जागचे हलले नाहीत. खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले. लेकीला कडेवर घेऊन सून त्यांच्यासमोर आली तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"सोमवारपासून तिला पाळणाघरात घाल."

"बाबा, अहो, तुम्ही हात लावला नाहीत. मीच उघडा म्हटलं. मी कुठे—"

"घाल म्हणतो ना." त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "आणि कुठल्या पाळणाघरात घालतेस ते मला सांगू नकोस."